मोरपंखी फेट्यातली थोरली

तुमच्या काकाने फॅमिली ग्रुपवर टाकलेल्या फोटोखाली तुम्ही दोघांनी जे विचारलंत, ते मी वाचलं. थोरल्याने इंग्रजीत विचारलं, आजी जमिनीवर का बसली आहे? धाकटीने विचारलं, आजीच्या डोक्यावर निळा कोबी का आहे? तुमच्या बाबांनी फक्त ‘आई, पडलीस का?’ एवढंच लिहिलं आणि मग रात्रभर फोन केला नाही, यावरून त्यांची काळजी किती खोल होती ते समजलं.

मी पडले नव्हते. तो कोबी नव्हता. क्रमाने सांगते, कारण मधूनच सुरुवात केली की मलाच टेबलाचा एक पाय आखूड असल्यासारखं वाटतं.

बर दुबई भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, बकाला म्हणजे किराणा दुकान आणि लाँड्री यांच्या मध्ये एक लेडीज सलून आहे. ते चालवणारी मुलगी नायजेरियाची. उंच, काळीभोर, आणि हसली की समोरच्या लाँड्रीवाल्याची इस्त्री हवेतच थांबते. तिच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली आफ्रिकेतल्या. कोणी मॉलमध्ये सिक्युरिटीला, कोणी हॉटेलच्या रिसेप्शनवर, कोणी शाळेत शिकवते. केसांच्या बारीक बारीक वेण्या घालून घ्यायला येतात आणि अर्धा दिवस बसतात. मी पहिल्यांदा तिथे गेले ती गाण्याचा आवाज कमी करा म्हणून सांगायला. परत आले तेव्हा माझ्या टाचांना शिया बटर लावलेलं होतं आणि गाणं तसंच चालू होतं.

गेल्या हिवाळ्यात या मुलीला दिवस गेले आणि तिची आई तिकडून बाळंतपणासाठी आली. या बाईंचं नाव मी इथे लिहीत नाही. मी त्यांना मनातल्या मनात आईसाहेब म्हणते. आईसाहेब संध्याकाळी सलूनच्या दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या. पण बसायच्या अशा की खुर्ची प्लास्टिकची आहे हे लक्षात येऊ नये.

पहिल्या दिवशी मी दुधाची पिशवी घेऊन जात होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, “तुमच्या देशात धाकटी बहीण थोरलीला नमस्कार करत नाही का?”

मी म्हटलं, “करते ना. पण धाकटी कोण? मला एकाहत्तर झाली.”

“मी तुझ्याआधी जन्मले. दिसतंच ते.”

“कोणतं साल?”

“आमच्या गावचा पूल वाहून गेला त्या पावसात.”

“पण साल कोणतं?”

“ते पुलाला विचार.”

त्यांच्याकडे वयाला फार मान. लहानाने मोठ्यापुढे गुडघे टेकायचे, पहिला नमस्कार लहानाने करायचा, पहिला घास मोठ्याचा. सलूनमधल्या मुली आत येताना त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसायच्या, अगदी सिक्युरिटीचा युनिफॉर्म घालून, वॉकीटॉकीसकट. आपल्याकडे वाकून नमस्कार करतात, तसंच ते. मला ते आवडलं. फक्त मी वाकायचं की त्यांनी, एवढाच प्रश्न होता.

तो प्रश्न सुटेना. रोज संध्याकाळी मी लिफ्टमधून बाहेर आले की आम्ही दोघी एकमेकींना न पाहिल्यासारखं करायचो. मी लाँड्रीचा बोर्ड वाचायची. त्या आपल्या बांगड्या मोजायच्या. शेवटी न राहवून दोघी एकदमच ‘गुड ईव्हनिंग’ म्हणायचो आणि मग तासभर गप्पा मारायचो. निघताना त्या म्हणायच्या, “आज तू जरा आधी म्हणालीस. शिकते आहेस.”

आता मुख्य गोष्ट. या बाईंचं डोकं दुखायचं. मधूनच खुर्चीचा हात घट्ट धरून डोळे मिटून बसायच्या. कोणी पाहिलं की म्हणायच्या, “प्रार्थना करते आहे.” एकदा मुलीच्या डोक्यावर फेटा बांधून दाखवताना त्या भिंतीला टेकल्या आणि बराच वेळ टेकूनच राहिल्या.

मुलीला भीती होती ती ब्लड प्रेशरची. तिचे वडील दाढी करता करता कोसळले होते. त्यांनी जन्मात कधी प्रेशर मोजलं नव्हतं. आता बाळंतपण झालं की आईला थोड्याच आठवड्यांनी परत जायचं होतं, लांबचं विमान, तिकडे घरी एकटी. आणि आई डॉक्टरकडे जायला तयार नाही. मुलगी मला म्हणाली, “मम्मी, तुम्ही सांगा. तुम्ही तिच्या वयाच्या आहात.” मम्मी म्हणजे मी. त्यांच्याकडे पिकल्या केसांच्या सगळ्या बायका मम्मी.

मी सांगून पाहिलं. आईसाहेब म्हणाल्या, “माझी थोरली बहीण धडधाकट होती. त्या प्रेशरच्या मशीनपाशी जाऊन बसली आणि त्याच आठवड्यात गेली.”

“अहो, त्या आजारी होत्या म्हणून गेल्या. मशीनने काय केलं?”

“मशीनने तिला सांगितलं. सांगितलं नसतं तर तिला कळलं नसतं.”

मी इतकी वर्षं शाळेत पर्यवेक्षिका होते, आईबापांच्या नाना तऱ्हेच्या सबबी ऐकल्या, पण असा पक्का युक्तिवाद ऐकला नव्हता.

दरवर्षी या मुली एका रविवारी सलून बंद ठेवून आतल्या आत आपला एक सोहळा करतात. काळ्या बायकांचं रूप आणि काळ्या बायकांची तब्येत, असा दोन्हींचा मिळून. नटायचं, जेवायचं, आणि नैरोबीची एक नर्स येते ती प्रेशर, साखर तपासते, छातीत गाठ आहे का ते स्वतःचं स्वतः कसं पाहायचं ते शिकवते. इथे एकेकट्या राहणाऱ्या मुली, दुखलं खुपलं तर सांगणार कोणाला? म्हणून त्यांनीच ही सोय केलेली. एकीचा रिपोर्ट वाईट आला तर दुसरी सुट्टी काढून सोबत जाते.

या वर्षी मुलीने ठरवलं, आईला प्रमुख पाहुणी करायचं. पाहुणी म्हणून बसवलं की प्रेशर मोजून होईल. माझ्याकडे व्यवस्था दिली, कारण मी रांगा लावण्यात पटाईत आहे हे तिने एव्हाना ओळखलं होतं.

सोहळ्याला सगळ्यांनी एकाच कापडाचे कपडे घालायचे अशी त्यांची रीत. कापड आणायला आम्ही तिघी मीना बाजारात गेलो. दुकानदाराने आईसाहेबांकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे वळून हिंदीत कुजबुजला, “मॅडम, इनके रंग पे डार्क नहीं खिलेगा. पिस्ता दिखाऊँ? बेबी पिंक?”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तुमची आजी सावळी. माझ्या आईने मला कधी भडक रंग घेऊ दिला नाही. दाखवण्याच्या कार्यक्रमाला मला एक फिकट अबोली साडी नेसवली होती, त्यात मी भिंतीसारखी दिसत होते. भिंत पसंत पडली, आणि पुढे तुमचे आजोबा म्हणाले की त्यांनी साडीकडे पाहिलंच नव्हतं, ते बशीतल्या चकल्यांकडे पाहत होते. ते असो.

आईसाहेबांना हिंदी येत नव्हतं, पण दुकानदाराचा चेहरा त्यांनी वाचला. म्हणाल्या, “याला सांग, ज्या रंगाची तुला भीती वाटते तो काढ.”

मी सांगितलं. त्याने नाइलाजाने वरच्या फळीवरून मोरपंखी रंगाचा, जरीच्या वेलबुट्टीचा ताठ तागा काढला. आईसाहेबांनी तो उलगडून खांद्यावर टाकला आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. दुकानात लग्नाची खरेदी करणारं एक अख्खं कुटुंब होतं. त्यातली नवरी हातातला पिस्ता खाली ठेवून म्हणाली, “भैया, वो वाला दिखाओ.”

“यल्ला,” आईसाहेब मला म्हणाल्या. ‘चल, आटप’ अशा अर्थाचा हा एकच अरबी शब्द त्या दुबईत येऊन शिकल्या होत्या आणि तो त्यांना फार शोभायचा. “आता तू.”

“मला नको, मी सावळी आहे, मला हा रंग...”

त्यांनी कापडाचं दुसरं टोक माझ्या खांद्यावर टाकलं. मी आरशात पाहिलं. धाकटे, तू शाळेच्या फोटोत मागच्या रांगेत उभी राहतेस, कारण पुढच्या मुली गोऱ्या आहेत, असं तुझी आई मला म्हणाली. म्हणून तुला मुद्दाम सांगते: त्या आरशात जी बाई होती ती एकाहत्तर वर्षं मागच्या रांगेत का उभी होती ते मला अजिबात कळेना. मी कापड घेतलं. माझ्यासाठी साडीपुरतं, आणि वर फेट्यापुरतं.

फेटा म्हणजे तो कोबी. त्यांच्याकडे बायका डोक्याला ताठ कापड गुंडाळून चुण्या चुण्यांचा मोठा पिसारा करतात. त्याला त्यांचा शब्द वेगळा आहे, पण मी फेटाच म्हणते. सोहळ्याच्या दिवशी आईसाहेबांनी तो मला स्वतः बांधला. गुडघ्यात माझं डोकं धरून, दातात टाचण्या धरून, माझ्या कानांचा काही विचार न करता. बांधून झाल्यावर मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाल्या, “बरी आहेस. इतके दिवस उघड्या डोक्याने का हिंडत होतीस?”

सलूनमध्ये त्या दिवशी तुम्ही असायला हवं होतं. सगळ्या एकाच मोरपंखी रंगात. एरवी मॉलच्या दारात कोणाच्या नजरेत न भरता उभ्या राहणाऱ्या त्या मुली, आणि आता एकेक अशी की नजर वर करून पाहावं. आरशांमुळे त्या दुप्पट झालेल्या. शाळेत शिकवणारी एक मुलगी उभी राहून गोरेपणाच्या क्रीमबद्दल बोलली. तिने तसली एक ट्यूब आणली होती. ती तिने सगळ्यांसमोर पिळून आतल्या क्रीमने सलूनचा आरसा पुसला. “एवढ्याच कामाची आहे,” म्हणाली. आरसाही स्वच्छ निघाला नाही.

आईसाहेब मधल्या उंच खुर्चीवर, केस कापायच्या, पायाने खालीवर होते त्या. त्यांनी ती पूर्ण वर करून घेतली होती. सुरुवातीलाच त्यांनी जाहीर केलं, “आज सगळं वयाप्रमाणे. खुर्ची, सरबत, फोटो. थोरली आधी.” आणि माझ्याकडे पाहून हळूच हसल्या. त्यांना पहिलं सरबत. त्यांचा पहिला फोटो. मला दुसरं सरबत, दुसरा फोटो. मी रांग सरळ केली. मी व्यवस्थेत होते.

मग नर्सने कोपऱ्यातल्या टेबलावर प्रेशरचं मशीन मांडलं आणि म्हणाली, “हे झाल्याशिवाय जेवण नाही. कोणापासून सुरुवात?”

भाताचा खमंग वास सुटला होता. सगळ्या माना आईसाहेबांकडे वळल्या. आईसाहेबांनी मशीनकडे पाहिलं. मग त्या खुर्चीत जरा खाली सरकल्या आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “इंडियन मम्मीपासून. तीच थोरली आहे.”

मुलांनो, कित्येक आठवडे ज्याच्यासाठी मी लाँड्रीचा बोर्ड पाठ केला होता, ते मला मिळालं होतं. भर सभेत, साक्षीदारांसमोर. मला फक्त ‘थँक यू’ म्हणून टेबलाशी जाऊन बसायचं होतं. पुढे आयुष्यभर पहिला नमस्कार मला.

पण मी सलूनवाल्या मुलीकडे पाहिलं. ती पोटावर हात ठेवून भिंतीशी उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. तिला कळलं होतं की आई आजही निसटणार.

मी उठले. आईसाहेबांच्या खुर्चीपाशी गेले. साडी सावरली आणि त्यांच्यापुढे दोन्ही गुडघे टेकले. उजव्या गुडघ्याचा जो आवाज झाला तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला असावा. मुलींनी मला शिकवलेलं दुपारचं अभिवादन मी त्यांच्या भाषेत म्हटलं, “ए कासान, मा.” आणि मग इंग्रजीत, “तुम्ही थोरल्या. मी हरले. थोरलीने आधी.”

असा काही गलका झाला की बकालावाला बाहेरून दार ठोठावायला लागला.

“नाही नाही,” आईसाहेब म्हणाल्या, “मी लहान आहे. खूप लहान. ऊठ.”

“पूल वाहून गेला ना?”

“छोटा पूल होता. तू ऊठ.”

“तुम्ही टेबलाशी बसल्यावर.”

त्यांची अडचण अशी की समोर कोणी गुडघे टेकले तर थोरलीने आशीर्वाद देऊन त्याला उठवावं लागतं. तसंच ठेवलं तर शोभत नाही. आणि उठवलं तर थोरलेपण कबूल. मुली कुजबुजायला लागल्या, “मा, मम्मी खालीच आहेत. मा, किती वेळ?” कोणीतरी म्हणालं, इंडियन मम्मी गांधीजींच्या देशातल्या आहेत, त्या उठणार नाहीत.

खरं कारण गांधीजी नव्हते. माझा गुडघा अडकला होता. मला उठताच येत नव्हतं. पण एवढा मान मिळत असताना ते सांगणं मला योग्य वाटलं नाही. तेवढ्यात फेटाही डाव्या कानावर कलला. फोटो तेव्हाचा.

शेवटी आईसाहेबांनी एक मोठा सुस्कारा टाकला. खुर्ची खाली करवून घेतली. माझ्या फेट्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटल्या. आशीर्वाद होता की दुसरं काही, मी विचारलं नाही. मग त्या टेबलाशी जाऊन बसल्या. दोघी सिक्युरिटीवाल्यांनी मला काखेत हात घालून उभं केलं, अगदी व्यावसायिक पद्धतीने.

पुढची अडचण बाहीची. आईसाहेबांची बाही इतकी घट्ट की पट्टा जाईना. त्यांचा चेहरा उजळला. “जमणार नाही. खलास.” (हा दुसरा अरबी शब्द त्यांना केव्हा आला देव जाणे.) मुलीने केस कापायची कात्री उचलली आणि सरळ शिवण उसवली. पट्टा फुगला. आईसाहेबांनी डोळे मिटले आणि दुसऱ्या हाताने माझा हात धरला. त्यांचा हात थंडगार होता.

नर्स आकड्याकडे बघत राहिली. तिने दुसऱ्या दंडाला पट्टा लावला. मग विचारलं, “मा, डोकं दुखतं?”

“फेट्याने. घट्ट बांधला आहे.”

“फेटा नसताना?”

आईसाहेब बांगड्या मोजायला लागल्या. नर्स त्यांच्या मुलीला म्हणाली, “क्लिनिकला. आज. उद्या नाही.”

टॅक्सीत आम्ही तिघी. फेटे उंच, म्हणून आम्ही दोघी म्हाताऱ्या माना तिरप्या करून, एकमेकींना टेकून बसलेल्या. फेटा काढा म्हटलं तर आईसाहेब म्हणाल्या, “वाईट बातमी ऐकायची तर नीट कपड्यांत ऐकीन.” पेशावरी ड्रायव्हरने आरशातून पाहून विचारलं, “माँजी, शादी है?” मी म्हटलं, “हाँ, जल्दी चलो.”

क्लिनिकमध्ये रिसेप्शनवरच्या मुलीने वय विचारलं. आईसाहेबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, “साठ.”

साठ! मी एकाहत्तर वर्षांची बाई, साठ वर्षांच्या बाईपुढे भर सभेत गुडघा मोडून बसले होते. मी तोंड उघडलं. आईसाहेबांनी माझा हात इतका घट्ट दाबला की मी ते परत मिटलं. त्या घाबरल्या होत्या. म्हातारी म्हणून नोंद झाली तर विमानाने घरी परत जाऊ देणार नाहीत, असं त्यांना वाटत होतं, हे मला नंतर कळलं.

डॉक्टर म्हणाले, प्रेशर फारच वाढलं आहे, अशा अवस्थेत विमानात बसला असतात तर काही खरं नव्हतं. गोळ्या दिल्या. तिकीट पुढे ढकलायला लावलं. मीठ बंद. मिठाचं ऐकल्यावर आईसाहेब पहिल्यांदा खरोखर दुःखी दिसल्या. मुलगी कॉरिडॉरमध्ये बसून रडली आणि रडता रडता हसली, आणि आईने तिला झापलं की नटलेली मुलगी अशी रडत नाही, काजळ पसरतं.

परत येताना त्या मला म्हणाल्या, “मी थोरली, हे तूच सर्वांसमोर म्हणालीस. आता थोरलीचा हुकूम. नर्स गाठीसाठी काढतात त्या छातीच्या फोटोबद्दल बोलत होती. तू काढलास कधी?”

मी तो कित्येक वर्षं पुढे ढकलत होते. म्हटलं, “बघू.”

“बघू नाही. यल्ला.”

गेले. त्या बाहेर बसून होत्या, फेट्यासह. सगळं ठीक निघालं. त्यांनी ते स्वतःच्या आशीर्वादाने झालं असं सलूनभर सांगितलं.

बाळ झालं, मुलगी. आजीसारखीच, आल्या आल्या सगळ्यांना ओरडून कामाला लावणारी. गोळ्यांनी प्रेशर उतरलं. आता आईसाहेब सलूनमध्ये येणाऱ्या प्रत्येकीला आधी प्रेशरच्या मशीनपाशी बसवत आणि मगच वेण्यांच्या खुर्चीवर जाऊ देत. “मला बघ,” म्हणत, “मी सगळ्यांच्या आधी स्वतःहून गेले.” मी शेजारी बसून मान हलवत असे.

डॉक्टरांनी जायची परवानगी दिली, तेव्हा त्या निघाल्या. भर दुपार, टॅक्सी दाराशी, मुलगी बाळाला घेऊन उभी. मी नेहमीप्रमाणे नमस्कारासाठी जरा वाकायच्या बेतात होते. आता ती सवयच झाली होती. तेवढ्यात आईसाहेब लॉबीच्या फरशीवर, माझ्यापुढे, दोन्ही गुडघ्यांवर बसल्या.

“अहो, हे काय!” मी म्हटलं.

“ए कासान, मा,” त्या म्हणाल्या. आणि मग हळू, मुलीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, “पूल वाहून गेला तेव्हा मी नव्हतेच. माझी थोरली बहीण होती.”

त्यांना उठवायला मी वाकले आणि माझा गुडघा पुन्हा अडकला. आम्ही दोघी खाली. मुलीच्या हातात बाळ. शेवटी लाँड्रीवाला इस्त्री टाकून धावत आला आणि आम्हाला एकेक करून उभं केलं.

त्या वेळी फोटो कोणी काढला नाही. म्हणून तुमच्याकडे जो आहे त्यात मी एकटीच जमिनीवर दिसते. पाहताना माझ्यासमोर त्यांनाही बसवा, म्हणजे चित्र पूर्ण होईल. आणि तुमच्या बाबांना सांगा, आई पडली नाही. त्यांनी प्रेशर केव्हा मोजलं होतं, तेवढं मला कळवायला सांगा. थोरलीने विचारलं आहे म्हणावं.